धातूबाईंचा तास

माझी वहिनी शाळेत भाषा शिकवते आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात टायपिंग करते. लोक विचारतात, नणंद-भावजयीचं दिवसभर एकाच इमारतीत आणि संध्याकाळी एकाच स्वयंपाकघरात जमतं तरी कसं? जमतं कुठे! मी रोज चिडते आणि ती रोज ऐकून घेते. याला जमणं म्हणत असाल तर जमतं.

चिडते ती तिच्या खोडीपायी. तिला शब्द धड बघवतच नाही. दिसला की शेंगेसारखा सोलायचा. दादा, म्हणजे माझा भाऊ, औषधाच्या दुकानात काउंटरला असतो. त्यानं घरी एखादं खोकं आणलं की ही आधी चष्मा शोधणार. "बघा वन्सं, प्रतिजैविक. प्रति म्हणजे विरुद्ध. प्रतिकार, प्रतिस्पर्धी, प्रतिबंध..." तोवर तिकडे दूध उतू जातं. मी ओरडले की गॅस बंद करते आणि पुढचा शब्द घेते. मला चिडवायला ती 'वन्सं' म्हणते आणि वर अहो-जाहो करते. शाळेत मात्र मी तिच्यासाठी 'मॅडम'. त्यात आजवर कधी चूक नाही.

ही नुसती खोड नाही, हे मलाही ठाऊक आहे म्हणा. शाळेत असताना वहिनी भूमितीत नापास झाली होती. 'समद्विभुज त्रिकोण' हा मेला शब्द तिला कधी कळलाच नाही. सरांनी फळ्यावर लिहिला, हिनं वहीत उतरवला, पाठ केला, आणि परीक्षेत नेमका 'समभुज' समजून सोडवत बसली. विज्ञानाला जायचं राहिलं ते राहिलंच. पुढे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेताना एका वर्गात मागे बसली असताना तिला एकदम दिसलं: सम, द्वि, भुज. दोन हात सारखे. "एवढंच होतं हो वन्सं," असं ती अजून सांगते. "एवढंच होतं, आणि मला कुणी फोडून दाखवलं नाही."

म्हणून तिला तो तास हवा होता. आठवीचा, गुरुवारचा, मधल्या सुट्टीनंतरचा. हेडसरांच्या किती तरी वर्षं मागे लागली होती. सर, मुलं विज्ञानात अडत नाहीत, विज्ञानातल्या शब्दात अडतात. मला आठवड्याला एक तास द्या, सगळ्या विषयांचे शब्द मी फोडून देते. हेडसर म्हणायचे, बघू. शेवटी शिवणाच्या बाई नोकरी सोडून गेल्या, त्यांचा तास रिकामा पडला, तेव्हा कुठे तो हिच्या पदरात पडला. वेळापत्रकात मीच टाइप केलं: 'शब्दांचा तास'. ती माझ्या टेबलाशी उभी राहून छापून येणारा कागद बघत होती. कागद बाहेर आला तर म्हणाली, "अजून एक प्रत काढा ना, घरी लावू." मी म्हटलं, "सरकारी कागद आहे, घराचं तोरण नव्हे." आणि काढून दिली.

पहिल्याच महिन्यात घोळ झाला. वहिनीनं वर्गाला सांगितलं की शब्दाच्या पोटात जे मूळ असतं त्याला धातू म्हणतात, उद्या प्रत्येकानं घरून दोन-चार धातू शोधून आणा. आता भाषेच्या पुस्तकात धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ. पण त्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी लोखंड, तांबं, जस्त असे धातू शिकवले होते! दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात भंगाराचं दुकान. खिळे, नटबोल्ट, कुलपं, एका पोरीनं तर चक्क दाराची कडी उपटून आणलेली. आणि एकानं न्हाणीघरातला नळ. त्याचे वडील गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट घेऊन ऑफिसात आले ते माझ्यासमोर. "कुठल्या बाईंनी सांगितलं धातू आणायला?" मी हसू दाबायला ड्रॉवरमध्ये तोंड घातलं.

वहिनी काय करेल? रागवेल मुलांना? छे! तिनं तो नळ टेबलावर ठेवला आणि तासभर त्याच्यावरच शिकवलं. धा म्हणजे ठेवणं, धरून ठेवणं. त्यातून धातू. दगडाच्या पोटात धरलेला तोही धातू, शब्दाच्या पोटात धरलेला तोही धातू. मुलांनी त्या दिवसापासून तिचं नाव ठेवलं धातूबाई. तिला ते कळलं आणि आवडलंसुद्धा, बाई गं!

हेडसरांना आवडलं नाही. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बाई, आणखी एक तक्रार आली तर हा तास बंद. मी शब्द देतो." माझी खोली आणि त्यांची केबिन यांच्यामध्ये प्लायवुडचं पार्टिशन आहे, तेही छतापर्यंत पोचत नाही. मला सगळं ऐकू येतं. आपण कान लावत नाही, पण कान बंदही करता येत नाहीत.

मग वहिनी जपून राहू लागली. जपून, पण रंगून. तिनं फळ्याच्या मधोमध 'वृत्' लिहिलं की आठवीची पोरं सगळ्या विषयांची पुस्तकं उघडून बसायची. भूमितीतलं वर्तुळ. रसायनातली आवर्तसारणी. भूगोलातलं आवर्त. आरशावरचं परावर्तन. सगळ्यांच्या पोटात वळणं, फिरणं. "आणि आपलं वर्तन," वहिनी म्हणाली, "म्हणजे माणूस कसा वळतो ते. घरी म्हणतात ना, पोराला वळण लावा?" एकानं हात वर केला, "बाई, निवृत्त?" "हो, तोही. परत फिरलेला." "मग हेडसर कधी परत फिरणार?" वर्ग हसून लोळला. मला वाटलं, आता हीच तक्रार जाणार. वाचली.

या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे काका म्हणायचे, कारण प्रत्येक वाक्यानंतर तिचं 'का?' आणि उत्तर मिळालं की पुन्हा 'का?'. शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव निघालं की लोक चहाचा कप उचलून दुसरीकडे जायचे. विज्ञानाचे सर तर तिला बाकावर उभीच करायचे. या सरांना पोरं प्रयोगसर म्हणतात, कारण त्यांनी वर्षात कधी एक प्रयोग करून दाखवलेला नाही. पण गुरुवारी काका पहिल्या बाकावर. वहिनी तिच्या प्रत्येक 'का'ला उत्तर देते, नसलं तर "शोधून सांगते" म्हणते आणि खरंच शोधून सांगते. एकदा शब्दकोशापायी आमच्या घरी आमटीशिवाय भात खाल्लाय आम्ही.

तर चाचणी परीक्षेला दोन आठवडे असताना वहिनीनं 'अप' घेतला होता. शब्दाच्या आधी लागणारा अप. अपयश, अपकीर्ती, अपशब्द, अपशकुन. अप लागला की चांगल्याचं वाईट होतं. घंटा झाली. ती म्हणाली, "याचा दुसरा अर्थ पुढच्या गुरुवारी."

पुढच्या गुरुवारी सकाळी प्रयोगसर आमच्या ऑफिसाच्या दारात. "बाई, माझा प्रकाशाचा धडा उरलाय. आजचा तुमचा तास मला द्या. एकच." वहिनी हजेरीपटावर सही करत होती. मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होते, देऊ नकोस, देऊ नकोस. दिला! "मुलांना परीक्षेत उपयोग होईल," म्हणाली. तासाचा बदल मीच फळ्यावर लिहिला, खडू दाबून लिहिला, तो मोडला. संध्याकाळी मी तिला म्हटलं, "तुला कुणी काही मागितलं की नाही म्हणताच येत नाही का गं?" दादा म्हणाला, "जाऊ दे." आमच्या घरात कुठल्याही प्रश्नावर दादाकडे हे एकच औषध आहे.

परीक्षेत प्रश्न आला, प्रकाशाचं अपवर्तन म्हणजे काय ते लिहा. आता अपवर्तन म्हणजे प्रकाश हवेतून पाण्यात किंवा काचेत शिरताना आपली वाट जरा वळवतो ते. काकानं लिहिलं होतं: 'अप म्हणजे वाईट. प्रकाश हवेत सरळ वागतो, पण पाण्यात शिरला की वाकडं वळण घेतो. म्हणजे त्याचं वर्तन बिघडतं. म्हणून त्याला अपवर्तन म्हणतात.' तिच्या मागेपुढे बसणाऱ्या चार-पाच जणींनीही तसंच लिहिलं. प्रयोगसरांनी सगळ्यांना भोपळा दिला आणि ती उत्तरं शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवली. "प्रकाश म्हणे वाईट संगतीला लागला!" सगळे खो खो हसले. वहिनी तिथेच बसली होती. तिनं काकाचा पेपर हातात मागून घेतला, नीट वाचला, परत दिला.

दुसऱ्या दिवशी दोन आया तक्रार घेऊन आल्या, एवढा अभ्यास करून भोपळा कसा? हेडसरांनी वहिनीला, प्रयोगसरांना आणि काकाला केबिनमध्ये बोलावलं. मी टाइप करत होते, पण बोटं कुठे पडत होती देव जाणे.

हेडसर म्हणाले, "काय गं, हे कुठून आणलंस?"

"शब्दातून," काका म्हणाली.

"व्याख्या पुस्तकात छापलीय ना? ती पाठ करायची."

"पण सर, मग त्या शब्दात अप का आहे?"

प्रयोगसर म्हणाले, "असतो. पुस्तकात आहे म्हणून आहे."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि हेडसर किंचाळले, "अगं अगं, माझं पेन!" पार्टिशनच्या फटीतून मी पाहिलं. काकानं त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासवरचं झाकण काढून त्यात त्यांचं पेन उभं केलं होतं. "बघा सर. बाहेर सरळ आहे, आत वाकडं दिसतंय. बिघडलं ना?" प्रयोगसरांच्या विषयातला त्या वर्षातला पहिला प्रयोग तो. मला टाळी वाजवावीशी वाटली.

हेडसरांनी पेन पुसलं. "बाई, मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्ही मुलांना अप म्हणजे वाईट असं शिकवलंत की नाही? हो की नाही."

आणि माझी वहिनी म्हणाली, "हो. शिकवलं. पण ते अर्धंच होतं. अप म्हणजे बाजूला, दूर, असाही अर्थ आहे. अपहरण म्हणजे दूर नेणं. अपवर्तन म्हणजे बाजूला वळणं. तो अर्थ सांगायचा राहिला. चूक हिची नाही, माझी आहे. हिनं प्रकाश वळतो हे बरोबर लिहिलंय, तेवढे गुण तरी तिला द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राहिला म्हणे! का राहिला ते सांग ना! तास कुणी नेला ते सांग! प्रयोगसर पंख्याकडे बघतायत, जणू तो आजच बसवलाय. मी उठले, केबिनचं दार ढकललं आणि म्हटलं, "सर, राहिला नाही. त्या गुरुवारचा तास यांनी मागून घेतला होता. बदल मी स्वतः फळ्यावर लिहिलाय."

"मॅडम, तुम्हाला कुणी बोलावलं?" हेडसर.

"एक तास दिला म्हणजे काय उपकार केले का?" प्रयोगसर.

आणि वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, तुम्ही बाहेर जा."

शाळेत, सगळ्यांसमोर, वन्सं. तिच्याही लक्षात आलं नाही. मी बाहेर आले, माझ्या खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी रागानं आलं होतं, दुसरं काही नाही.

पुढचं पार्टिशनवरून ऐकलं. काकाला वर्गात पाठवलं. मग हेडसरांचा तो मऊ आवाज, जो ते कुणाकडून काही काढून घेताना लावतात. "आपण मधला मार्ग काढू. या मुलींना गुण देऊन टाकू, आया शांत होतील. पण बाई, मी आधीच सांगितलं होतं. तुमचा तास पुढच्या आठवड्यापासून सराव परीक्षेला. काय म्हणता?"

मला वाटलं, आता तरी ती उसळेल. एवढी वर्षं मागितलेला तास आहे, मागच्या दारानं कुणी दिलेला नाही. निदान म्हणेल, विचार करून सांगते.

"मुलींना पूर्ण गुण मिळणार ना?" वहिनीनं विचारलं.

"निम्मे."

"चालेल," ती म्हणाली.

चालेल! अशा बाईपुढे हात टेकावेत की हात जोडावेत, मला कळेना. ती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी म्हटलं, "तुझ्या पायावर तूच धोंडा पाडून घेतलास. मी सांगत होते ना?" ती म्हणाली, "मॅडम, आठवीचा हजेरीपट द्या."

सूचना मलाच टाइप करायला लागली. 'गुरुवारचा शब्दांचा तास रद्द करण्यात आला आहे.' एका ओळीला मला अर्धा तास लागला, चुकाच फार होत होत्या. मधल्या सुट्टीत ती सूचनाफलकावर लावायला मी व्हरांड्यात गेले. टाचण्या लावत होते तेवढ्यात काका येऊन उभी राहिली. वाचलं, पुन्हा वाचलं. पलीकडून वहिनी वर्गाकडे निघाली होती. काका धावत तिच्याकडे गेली.

"बाई, रद्द कुठल्या धातूपासून? रद्दी त्यातलीच का?"

मी टाचणी हातात धरून थांबले. मला माहीत होतं, आता ही थांबणार. हिनं आजवर एक शब्द वाटेत पडलेला सोडलेला नाही. खडूची पिशवी खाली ठेवेल, भिंतीवर बोटानं लिहील, सुट्टी संपेपर्यंत पोरांचा घोळका जमेल, आणि हेडसर खिडकीतून बघत बसतील. मला ते हवं होतं. मनापासून हवं होतं.

वहिनी म्हणाली, "असेल. जा, घंटा होईल."

आणि गेली. काका तिथेच उभी. नंतर माझ्याकडे वळून तिनं विचारलं नाही, 'का?'. पहिल्यांदाच.

त्या संध्याकाळी दादानं दुकानातून खोकल्याच्या औषधाचं खोकं आणलं, टेबलावर ठेवलं. वहिनीनं ते उचललं आणि न वाचता कपाटात टाकलं. दादानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला आधीच बजावलं, "'जाऊ दे' म्हणालास तर याद राख." तो बिचारा आंघोळीला निघून गेला.

दूध गॅसवर होतं. ती त्याच्याकडेच बघत उभी होती, दूध वेळेवर वर आलं, तिनं वेळेवर गॅस बंद केला. इतक्या वर्षांत आमच्या घरात पहिल्यांदा दूध उतू गेलं नाही आणि मला रडू यायला लागलं. स्वयंपाकघराच्या दारामागे ती वेळापत्रकाची प्रत अजून चिकटवलेली होती. तिनं काढली नव्हती, बघितलीही नव्हती.

मला शब्दांचं काडीचं वेड नाही. आयुष्यभर मी ते जसेच्या तसे टाइप केले. पण ती शांतता मला सहन होईना. त्या घरात काहीतरी सोललं जायला हवं होतं. मी ओट्याशी गेले आणि जो पहिला शब्द दिवसभर घशात अडकला होता तो बाहेर काढला.

"वहिनी, अपमान. त्यातला अप कुठला गं? वाईटवाला की बाजूला सारणारा?"

तिनं सांडशी खाली ठेवली. मला वाटलं, पुन्हा 'असेल' म्हणते की काय. पण तिनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, अगदी नेहमीसारखा.

"दोन्ही," ती म्हणाली, आणि मग त्या ओट्यावर डोकं टेकून माझी वहिनी पहिल्यांदा रडली.